तीन टाक्यांचा थांबा

१

निघण्याची यादी अकरा कलमांची होती. व्हर्नाच्या हातची, गोल गोल अक्षरातली, भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. छताची खिडकी बंद. फ्रिजची कडी लावली. गॅस बंद. पाण्याची नळी गुंडाळली. पायरी वर. साखळ्या अडकवल्या. असं करत करत शेवटचं, अकरावं कलम : दोन ठोके.

पूर्वी व्हर्ना आतून एकेक कलम वाचायची आणि ॲथल बाहेरून 'झालं' म्हणायचा. आता चौदा महिने प्रश्नही त्याचाच होता आणि 'झालं'ही त्याचंच. विंडोराच्या तळावर आजूबाजूच्या कॅरॅव्हॅनवाल्यांनी मान वर करून पाहिलं नाही. या मुलखात म्हातारा माणूस आपल्या व्हॅनशी बोलतो याचं कुणाला नवल नसतं.

अकराव्या कलमाला एक गोष्ट होती आणि ती दोघांनी मिळून शंभर तळांवर सांगितली होती. बारा वर्षांपूर्वी, कन्नामुला आणि बर्कच्या मधल्या रस्त्यावर व्हर्नाचं डोकं दुखत होतं, म्हणून ती गाडीमागे जोडलेल्या व्हॅनमध्ये जाऊन आडवी झाली. चालत्या व्हॅनमध्ये बसायला बंदी आहे, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पावसाच्या पाण्याच्या तीन टाक्या असलेल्या एका थांब्यावर ॲथलने टायर बघायला गाडी उभी केली. तेवढ्यात व्हर्ना उतरून संडासला गेली. ॲथलला काय कळणार? टायर बघितला, बसला आणि निघाला. चाळीस किलोमीटर गेल्यावर त्याने वायरलेसवरून तिला विचारलं, "म्हातारे, चहा घेणार का?" उत्तर नाही. इथवर ॲथल सांगायचा. पुढचं व्हर्ना सांगायची. ती म्हणायची, मला बरंच झालं, चाळीस मिनिटं बाकावर बसून शांतपणे पुस्तक वाचलं, तीन प्रकरणं झाली. मग सगळे हसायचे आणि कोणीतरी ॲथलच्या पाठीवर गुद्दा मारायचं.

तेव्हापासून व्हर्ना निघताना व्हॅनभोवती एक फेरी मारायची, मागच्या पत्र्यावर पंजाने दोन ठोके द्यायची आणि पुढे येऊन त्याच्या शेजारी बसायची. ठोके ऐकू आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा करार होता. आणि डोकं फुटायची वेळ आली तरी ती परत कधी मागे बसली नाही. पुढे बसल्यावर मात्र पट्टा लावायचं नाव नाही. आधी थर्मास पायाशी, मग चष्मा, मग नकाशा. तोवर गाडी टिंग टिंग करत राहायची. शेवटी ॲथलच डावा हात लांब करून तिचा पट्टा ओढायचा आणि खट्‌कन लावायचा. "तुझ्यासाठीच ठेवलंय ते काम," ती म्हणायची.

काल संध्याकाळी त्याने तिला विंडोराच्या लाल वाळूच्या टेकडीवर सोडलं होतं. तिनेच सांगून ठेवलं होतं. तिथून सूर्य बुडताना बरा दिसतो म्हणे. राख बिस्किटांच्या डब्यात होती. वाळू अजून कोमट होती. काय बोलावं हे न सुचून ॲथलने डबा उपडा केला, बुडाला दोनदा टिचकी मारली आणि माशा हाकलत खाली उतरला.

आता सकाळचे सात वाजले होते. त्याने यादी संपवली, गाडीत बसला, किल्ली फिरवली. मागून दोन ठोके आले. उघड्या पंजाचे, पहिला जड, दुसरा जरा हलका.

त्याने गाडी बंद केली, उतरला, फेरी मारून आला. कोणी नव्हतं. पत्रा तापला की बोलतो, त्याने स्वतःला सांगितलं. चौतीस वर्षं त्याने कौन्सिलचा ग्रेडर चालवून कच्चे रस्ते सपाट केले होते. यंत्राचा कोणता आवाज कुठून येतो हे त्याला शिकवायला नको होतं.

पण व्हॅनची मागची बाजू पश्चिमेला होती. त्या पत्र्यावर अजून ऊन आलंच नव्हतं.

२

क्विल्पीच्या तळावर पाचच्या सुमाराला सगळे आपापल्या खुर्च्या, बियर आणि चीजची ताटली घेऊन एका झाडाखाली जमले. वर गुलाबी काकाकुवांचा गोंधळ चालला होता. कॉल आणि ग्लेनिस नावाचं जोडपं ॲथलच्या शेजारच्या जागेवर उतरलं होतं. कॉल गप्प, ढेरपोट्या, सदा टोपीत. ग्लेनिस दोघांच्या वाटचं बोलायची. तिने ॲथलसाठी जागा धरली होती. एका खुर्चीची नाही, दोन खुर्च्यांची.

ॲथल बसला तशी ती त्याच्याकडे वळली आणि तोंडावर फटकारायला लागली. आम्ही सकाळपासून तुझ्या मागे होतो, म्हणाली. ओलांडायला जागा मिळेना, म्हणून ऐंशी किलोमीटर तुझ्या व्हॅनचं ढुंगण बघत आलो.

"बायकोला पुढे बसव रे बाबा," ती म्हणाली. "पोलीस राहू देत, पण उद्या व्हॅन उलटली तर बिचारी आतल्या आत जाईल."

ॲथलच्या हातातला बियरचा डबा तोंडाशी जाता जाता थांबला.

"मागच्या खिडकीचा पडदा सारून बघत होती," ग्लेनिस म्हणाली. "मी हात केला. तिने नाही केला. रागात आहे का?"

"ग्लेनिसला रस्त्यावर पाणी दिसतं, उंट दिसतात," कॉल म्हणाला. "म्हणून मी तिच्या हातात चाक देत नाही."

ॲथलने सांगितलं की बायको वारली, चौदा महिने झाले. कॉलने टोपी काढली. ग्लेनिसने ॲथलच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली की मग पडदाच असणार, ऊन समोरून होतं, माझे डोळेही आता तसलेच. दुसरी खुर्ची तिने हळूच घडी करून आपल्या मागे ठेवली. ॲथलला ती बाई आवडली. व्हर्नालाही आवडली असती. दोघी एकदा बोलायला लागल्या असत्या तर कॉलला आणि त्याला चार दिवस तोंड उघडावं लागलं नसतं.

व्हॅनमध्ये गेल्यावर त्याने मागची खिडकी पाहिली. पडदा वीतभर सारलेला होता आणि त्याची कड खिळ्यामागे खोचलेली होती. व्हर्ना खोचायची तशी. सकाळी अर्धवट झोपेत आपणच खोचला असेल, असं त्याला वाटलं. बारा वर्षं रोज एखादी गोष्ट बघितली की हात आपोआप तसे चालतात.

पण त्याच्या मनात टोचत राहिलं ते वेगळंच. व्हर्ना मागे बसणार नाही. मेल्यावरसुद्धा बसणार नाही. मग पडद्यामागे जे कोण होतं, ते कोण होतं?

सकाळी निघताना ग्लेनिसने विचारलं, तू कुठे चाललास. युलो, तो म्हणाला. आम्हीही तिकडेच, ती म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "पण आम्ही पुढे जातो, हं. तू मागून ये."

३

युलोला लोक चिखलात बसायला जातात. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचा तो करडा, लोण्यासारखा चिखल असतो. उघड्यावर जुने टब मांडलेले आणि त्यात गळ्यापर्यंत रुतलेली म्हातारी माणसं. कॉल, ग्लेनिस आणि ॲथल तीन टबांत ओळीने बसले. ग्लेनिसने तोंडालाही चिखल फासला आणि कॉलला म्हणाली, आता लग्नातल्यासारखी दिसते की नाही. कॉल म्हणाला, लग्नात पाऊस होता, फोटोच निघाले नाहीत. ॲथल मोठ्याने हसला. आपला आवाज ऐकून त्यालाच दचकायला झालं, इतक्या दिवसांत तो हसलाच नव्हता.

दुपारी तो व्हॅनमध्ये येऊन आडवा झाला. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीवर, व्हर्नाने लावलेली छोटी पाणसळ होती. व्हॅन तळावर लावली की आधी चाकांखाली फळ्या सारून तिच्यातला बुडबुडा मध्यावर आणायचा, मगच चहा. बुडबुडा तिरका असला तर व्हर्नाला झोप लागत नसे. ॲथलने आजही तो मध्यावर आणला होता, रिकाम्या व्हॅनमध्ये, बाहेरून डोकावून, नेहमीसारखा.

व्हॅन म्हणजे घर नव्हे. ती तोलावर उभी असते. कोणी उजवीकडे झोपलं की ती केसभर उजवीकडे कलते आणि बुडबुडा डावीकडे सरकतो. दोघं झोपली की तो मध्ये येतो. इकडे येताना सतरा दिवस ॲथल आपल्या उजव्या बाजूला झोपत होता आणि पायथ्याशी बुडबुडा रेघेच्या डावीकडे बसलेला बघत होता. रिकाम्या बाजूकडे बोट दाखवल्यासारखा. त्याला त्याची सवय झाली होती, त्याचा राग यायचाही बंद झाला होता.

आज तो झोपला. बुडबुडा डावीकडे सरकला. ॲथलने डोळे मिटले. अंगात चिखलाची ऊब होती, झोप येत होती. थोड्या वेळाने व्हॅनला एक अगदी बारीक झोका बसला. त्याने डोळे उघडले.

बुडबुडा सावकाश परत येत होता. रेघांच्या मध्ये आला आणि तिथेच थांबला.

ॲथल छताकडे बघत पडून राहिला. जमीन मऊ आहे, त्याने विचार केला, चिखलाचा गाव आहे, फळी खचली असेल. हे पटण्यासारखं होतं. मान डावीकडे वळवून बघितलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्याने मान वळवली नाही. भीती वाटत होती हे खरं. पण त्याखाली आणखी एक भीती होती आणि तीच त्याला हलू देत नव्हती. बघितलं तर बुडबुडा परत डावीकडे जाईल, ही.

त्याला झोप लागली. चौदा महिन्यांत इतकी गाढ लागली नव्हती.

४

कन्नामुलाला व्हॅनची पाण्याची टाकी संपली. ती एकट्या ॲथलला सहा दिवस पुरायची. हे तिसऱ्या दिवशीच झालं. त्याने व्हॅनखाली सरपटत जाऊन नळ्या, जोड, सगळं तपासलं. कुठे थेंब नव्हता. दोन माणसांचं पाणी, त्याच्या मनात आलं, आणि तो तसाच पाठीवर पडून थोडा वेळ वरचं लोखंड बघत राहिला.

ग्लेनिस आणि कॉल इथून पश्चिमेला वळणार होते. जाताना ग्लेनिसने फळांचा केक दिला, कागदात बांधलेले दोन तुकडे. एक दे की, ॲथल म्हणाला, मला साखर वर्ज्य आहे. ग्लेनिसने दोन्ही त्याच्या हातात कोंबले.

"मी काही विचारत नाही," ती म्हणाली. "तूही काही सांगू नकोस. राहू देत दोन."

दुपारी तो सावलीत खुर्ची टाकून बसला आणि डबो गावी राहणाऱ्या मुलीला फोन लावला. जॅनेलने आधी औषधांची चौकशी केली, मग झोपेची. मागच्या हिवाळ्यात ॲथलला गाडी चालवताना डुलकी लागली होती आणि तो सरळ एका कुंपणात घुसला होता. तेव्हा त्याने तिला वचन दिलं होतं : एकदा विंडोराला जाऊन आईचं तेवढं करून येतो, मग व्हॅन देऊन टाकतो. घेणारं जोडपं ठरलं होतं. शुक्रवारी ते येणार होते.

ॲथलने विचारलं, त्यांना महिनाभर थांबायला सांगता येईल का. जॅनेल गप्प झाली. ती रागावली की गप्प होते, हे तिला आईकडून आलं होतं.

"बाबा, आई गेली तो फोन मी घेतला," ती शेवटी म्हणाली. "तसला दुसरा फोन मला कुठल्यातरी रस्त्यावरून यायला नकोय. तू शब्द दिलायस."

ॲथल म्हणाला, हो, दिलाय. त्याच वेळी त्याच्या पाठीमागे, बंद व्हॅनमध्ये, कोणीतरी पलंगावरून उठलं. व्हॅनमध्ये माणूस चालला की तिच्या टेकूच्या पायांना कळतं, आणि बाहेर बसलेल्यालाही. तीन पावलं. मग थांबणं, फ्रिजजवळ. मग दोन पावलं परत, सिंकपर्यंत. व्हर्ना दुपारी दूध काढायला उठायची, तीच पावलं, तेवढाच वेळ. ॲथल पाठमोरा बसून मोजत राहिला.

"बाबा? आहेस ना?"

"आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी येतो."

फोन ठेवल्यावरही तो आत गेला नाही. त्याला वाटत होतं, ही आपली झोप असेल. कुंपणात घुसलो तेव्हाही आपण जागेच आहोत असं वाटत होतं. डोळे उघडे, हात चाकावर, आणि शेजारी व्हर्ना केळं सोलत होती. पण एवढं मानलं तरी शुक्रवारचं काय? व्हॅन दुसऱ्यांची होईल. दोन लहान मुलं आहेत त्यांना. ती आत उड्या मारतील, पडदे ओढतील. आणि जे कोणी आत होतं ते त्यांच्याबरोबर जाईल, आपल्याला न सांगता. किंवा आपणच त्याला सोडून जाऊ, पुन्हा, न सांगता.

५

त्या थांब्यावर उभं राहायचं नाही हे त्याने ठरवलं होतं. त्या दिवसानंतर दोघं तिथून अनेकदा गेले, पण थांबले कधीच नाहीत. टाक्या दिसायला लागल्या की व्हर्ना दुसरीकडे तोंड करायची आणि म्हणायची, "पाय दाब."

दुपारचा दीड वाजला होता. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लाल जमीन आणि खुरटी झुडपं, मध्येच मेलेला कांगारू, त्यावर कावळे. दूरवर तीन टाक्या दिसल्या. ॲथलने पाय दाबला.

मागून दोन ठोके आले. या वेळी पत्र्याच्या बाहेरून नव्हे, आतून. व्हॅनच्या पुढच्या भिंतीवर, त्याच्या पाठीच्या सरळ रेषेत. आत बसलेल्या माणसाला उतरायचं असेल तर तो देईल तसे.

त्याचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी थांब्यात शिरली आणि मधल्या टाकीच्या सावलीजवळ उभी राहिली. त्याने किल्ली काढली. क्षणभर सगळं शांत होतं. मग मागून गाडीला एक हलका हिसका बसला आणि व्हॅन जराशी वर आली, कोणी उतरल्यावर येते तशी.

तो बसून राहिला. संडासला जाऊन यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग त्याच्या दुप्पट. मग उतरला. व्हॅनच्या दाराला त्याने सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. पायरी वर होती. संडास रिकामा होता, आत फक्त एक बेडूक. सिमेंटचा बाक होता तिथेच होता. तो त्यावर बसला.

इतकी वर्षं गोष्ट सांगितली, पण या बाकावर तो कधी बसला नव्हता. इथून रस्ता दोन्हीकडे दिसत होता. दोन्हीकडे सारखाच, रिकामा, टोकाला थरथरणारा. आवाज फक्त माशांचा.

गोष्टीतली चाळीस मिनिटं खोटी होती. चाळीस किलोमीटर जायचं, एवढं धूड वळवायला जागा शोधायची आणि चाळीस किलोमीटर परत यायचं. पाऊण तास वळेपर्यंतच गेला होता, सगळे मिळून दीड तास झाला. पुस्तकही खोटं होतं, पुस्तक व्हॅनमध्ये होतं. पाणी, टोपी, फोन, सगळं व्हॅनमध्ये होतं. आणि तो परतला तेव्हा व्हर्ना बाकावर नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, उन्हात, हात दोन्ही बाजूंना सैल सोडून. गाडी जवळ आली तरी ती बाजूला झाली नाही. त्याला तिच्यापासून दहा हातांवर ब्रेक मारावा लागला. बर्क येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बर्कला, पेट्रोल भरून झाल्यावर, ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा सांगून जा."

ती गोष्ट विनोदी करून सांगायची युक्ती तिचीच. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिने टेबलाखाली त्याचा हात धरला होता.

इस्पितळात शेवटच्या दिवशी ॲथल गाडी हलवायला खाली गेला होता. कोणाची तरी रुग्णवाहिका अडली होती. वीस मिनिटं लागली. तो वर आला तेव्हा नर्स दारात उभी होती. व्हर्ना न सांगता गेली होती. की तोच न सांगता खाली गेला होता? हा हिशेब त्याला चौदा महिन्यांत जमला नव्हता. आणि विंडोराच्या टेकडीवर तरी तो काय बोलला होता? काही नाही. डबा उपडा केला आणि उतरला.

तीन डबे जोडलेला एक प्रचंड ट्रक धूळ उडवत गेला. धूळ खाली बसली. ॲथल उठला, व्हॅनशी गेला आणि यादी म्हणायला लागला. ती त्याला पाठ होती. छताची खिडकी बंद. झालं. फ्रिजची कडी. झालं. दहा कलमं झाली. अकरावं म्हणून तो थांबला.

ठोके आले नाहीत. त्याने बराच वेळ वाट पाहिली. टाकीच्या पत्र्याचासुद्धा आवाज आला नाही.

"व्हर्ना," तो म्हणाला. "मी निघतोय. शुक्रवारी व्हॅन द्यायची आहे, पोरीला शब्द दिलाय. मी सांगून निघतोय. ऐकलंस ना? यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर..."

तो गाडीत बसला. करार मोडून, ठोक्यांशिवाय त्याने गाडी हलवली. माणूस चालतो त्या वेगाने ती रस्त्यावर आली. व्हॅनसाठी लावलेले लांब आरसे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले होते. उजव्यात रिकामा रस्ता होता. डाव्यात टाक्या मागे सरकत होत्या, एक, दोन, तीन. मग त्यांच्या सावलीतून काहीतरी सुटं झालं आणि रस्त्याच्या मधोमध आलं.

ऊन होतं, धूळ होती, आरसा थरथरत होता. ते उभं होतं, दोन्ही बाजूंना हात सैल सोडून. ॲथलचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. गाडी थांबली. आरशातलं ते चालायला लागलं. धावत नव्हतं, घाईत नव्हतं. कंबरेतून जरा डावीकडे झुकत, सपाट पावलांनी. ते व्हॅनच्या मागच्या कोपऱ्याशी आलं. मग खिडकीशी. मग आरशात दिसत नाही अशा जागी आलं.

ॲथलने नजर समोरच्या रस्त्यावर खिळवली. डाव्या कानाजवळ माशी गुणगुणत होती. दार उघडल्याचा आवाज झाला नाही. त्याला तो झालेला चालला असता.

टिंग, गाडी म्हणाली. टिंग. टिंग.

समोर पट्ट्याचा लाल दिवा लागला होता, शेजारच्या सीटचा. त्या सीटवर चौदा महिने त्याने काही ठेवलं नव्हतं, बर्फाची पेटीसुद्धा नाही. वजन पडलं की गाडी ओरडते आणि तो आवाज त्याला सोसत नसे.

टिंग. टिंग. टिंग.

त्याने मान वळवली नाही. डावा हात लांब केला, पट्टा धरला, ओढला. रिकाम्या सीटवरून जेवढा ओढावा लागतो त्यापेक्षा तो जास्त ओढावा लागला. किती ते त्याच्या हाताला माहीत होतं. खट्‌कन लावला. आवाज थांबला.

"तुझ्यासाठीच ठेवलंय ते काम," असं कोणी म्हणालं नाही. ॲथल थोडा थांबला, म्हणेल म्हणून. मग त्याने गाडी पुढे घेतली. बर्कपर्यंत शेजारून एक शब्द आला नाही. पण ते तर मागच्या वेळीही झालं होतं.

६

शुक्रवारी व्हॅन गेली. नवीन मालकीणबाईंनी कपाट उघडून यादी वाचली आणि अकरावं कलम काय म्हणून विचारलं. ॲथल म्हणाला, तेवढं एक चुकवू नका. त्याने पाणसळीकडे पाहिलं. रिकाम्या व्हॅनमध्ये बुडबुडा बरोबर मध्यावर होता, रिकाम्या व्हॅनमध्ये असायला हवा तसा. नवीन मालकाने एकट्यानेच व्हॅन मागे घेताना फाटकाचा खांब जवळजवळ पाडला. बायको त्याच्यावर खेकसली. ॲथलला बरं वाटलं.

जॅनेलला तिच्या नवऱ्याने आपल्या गाडीने आणून सोडलं होतं. तिला वाटलं होतं बाबा खचलेला असेल, म्हणून ती त्याला जेवायला घरी न्यायला आली होती. तिने त्याच्या गालाला हात लावून पाहिला, ताप बघावा तसा. तू बरा दिसतोस, ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात थोडा संशय होता.

ती गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि पुढच्या दाराच्या मुठीला हात घातला.

"मागे बस, बाळ," ॲथल म्हणाला.

"का? पुढे काय ठेवलंयस?"

त्याने आपल्या बाजूचं दार उघडलं. जॅनेलने त्याच्याकडे पाहिलं, मग काचेतून सीटकडे. मूठ सोडली. मागचं दार उघडून बसली, लहानपणी बसायची तशी, मधोमध.

ॲथलने किल्ली फिरवली. टिंग, गाडी म्हणाली. त्याने डावा हात लांब केला, पट्टा ओढला, लावला.

आरशात त्याला मुलीचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या शेजारच्या सीटकडे बघत होती.